विक्रेत्याचें मौन

जुनी वस्तु विकावयास निघालेल्या माणसानें तिच्या दोषांविषयीं किती बोलावें, हा प्रश्न नवा नाहीं. घर, घोडा, बैल, दागिना या सर्वांच्या बाबतींत तो पूर्वीं विचारला गेला आहे, आणि शास्त्रकारांनीं व कायदेपंडितांनीं आपापल्या परीनें त्याचीं उत्तरेंहि दिलीं आहेत. तथापि गेल्या दहा-पंधरा वर्षांत आमच्या नाशकांत त्यानें एक नवें रूप घेतलें आहे, आणि आमच्या घरांत तर तो प्रश्न आपल्या पायांनीं चालत आला. म्हणून त्याची थोडी चर्चा वाचकांपुढें करावी असें मनांत आलें. हें नवें रूप म्हणजे जुनी श्रीमंती मोटार.

गंगापूर रस्त्यावर एखाद्या संध्याकाळीं अर्धा तास उभें राहावें. मोठमोठ्या जर्मन घराण्यांच्या मोटारी एकामागून एक जातांना दिसतात, आणि गांवांत पैसा फार झाला असें पाहणाराच्या मनांत येतें. त्यांतील कित्येक मोटारींना मात्र दहा-बारा वर्षें होऊन गेलेलीं असतात, आणि त्यांच्या आजच्या धन्यांनीं मोजलेली रक्कम एखाद्या नव्या मध्यम मोटारीइतकीच असते. मुंबईच्या कारखानदारानें सत्तर-ऐंशी लाखांस घेतलेली मोटार दहा वर्षांनीं दहा-अकरा लाखांत मिळते. दिल्लीकडील माल त्याहूनहि स्वस्त. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१५ च्या आदेशानें त्या परिसरांत दहा वर्षांवरील डिझेल मोटारींस बंदी आली, २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली, आणि तिकडच्या कित्येक मोटारी परराज्यांच्या रस्त्यांवर येऊन उतरल्या. नव्यानें दवाखाना थाटलेला डॉक्टर, द्राक्षांचा हंगाम साधलेला बागायतदार, दोन इमारती उभारलेला कंत्राटदार, असे हिचे गिऱ्हाईक. आणि आमच्यासारखा एखादा निवृत्तीकडे झुकलेला पांढरपेशाहि त्यांत सांपडतो.

आम्हीं २०१८ सालीं अशीच एक मोटार घेतली. तिच्या घराण्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. दहा वर्षांची, काळी, आंत कातड्याच्या बैठका, आणि दार लावलें कीं तिजोरी मिटावी तसा गंभीर आवाज. अकरा लाख रुपये पडले. तेवढ्याच पैशांत नवी, हमीची, साधी मोटार मिळाली असती हें आम्हांस पुरतें ठाऊक होतें. तरी आम्ही हिच्याकडे कां वळलों, याचा खरा हिशेब मांडला तर त्यांत बैठकीच्या सुखाचा भाग थोडा आणि समोरच्या बंगल्यांतील मंडळींच्या नजरेचा भाग फार, असें निघतें. ही कबुली आरंभींच देऊन ठेवतों; पुढें तिचा उपयोग होईल.

पहिल्याच पावसाळ्यांत एके दिवशीं सकाळीं पाहतों तों मोटारीचा पुढचा उजवा कोपरा खालीं बसलेला. दमलेल्या बैलानें एक गुडघा टेकावा तसा. एंजिन सुरू केलें तेव्हां तो कण्हत कण्हत वर आला. या प्रकारच्या मोटारींस पोलादी स्प्रिंगा नसतात. त्यांच्या जागीं हवा भरलेल्या रबरी पिशव्या असतात, आणि एक लहानसा काँप्रेसर त्यांत हवा भरून गाडीची उंची राखतो. नवेपणीं ही योजना पालखीहून सुखावह असते. पण रबर तें रबर. आठ-दहा उन्हाळे खाल्ले कीं तें तडकतें, केसाएवढ्या भेगांतून रात्रभर हवा निसटते, आणि ती भरून काढण्यासाठीं काँप्रेसर इतका राबतो कीं अखेर तोहि जळतो. एकाच्या दुखण्यानें दुसऱ्याचा बळी जातो, आणि पहिलें दुखणें लपविलें तर दुसरें ओढवतेंच. आमच्या हातीं जें अंदाजपत्रक आलें त्यांत एका बाजूच्या शॉकअब्सॉर्बरचे १,४०,००० आणि काँप्रेसरचे ८५,००० असे आंकडे होते.

ते पाहून आम्ही द्वारकेपलीकडच्या एका मिस्त्र्याकडे गेलों. माणूस थोडक्यांत बोलणारा. त्यानें चाक उतरविलें, बॅटरीचा प्रकाश आंत टाकला, आणि आम्हांस वाकून पाहावयास सांगितलें. पिशवीच्या घडींत पांढुरकें कांहींतरी वाळून बसलें होतें.

“साहेब, हे सोल्युशन आहे. कुणीतरी आधीच चोपडलंय.”

“म्हणजे?”

“म्हणजे विकणाऱ्याला ठाऊक होतं.”

त्या क्षणीं आम्हांस जो राग आला तो सव्वादोन लाखांचा नव्हता. पैसा गेल्याचें दुःख हळूहळू चढतें; फसविले गेल्याचें एकदम. ज्या गृहस्थानें आम्हांस चहा पाजला, मोटारीच्या किल्ल्या लाल पिशवींत घालून हातीं ठेवल्या आणि देवदर्शनास प्रथम न्या असें सांगितलें, त्याला त्याच वेळीं ती पिशवी फुटकी आहे हें माहीत होतें. त्यानें एकहि असत्य उच्चारलें नव्हतें. आम्हीं विचारलें नाहीं, आणि त्यानें सांगितलें नाहीं, एवढेंच.

आमचे एक वकील स्नेही आहेत. त्यांच्याकडे हें गाऱ्हाणें नेलें. त्यांनीं कपाटांतून १८७२ चा करार कायदा काढून सतरावें कलम पुढें केलें. फसवणूक कशास म्हणावें तें या कलमांत सांगितलें आहे, आणि त्याच्या स्पष्टीकरणांत केवळ मौन ही फसवणूक नव्हे असा नियम घातला आहे. उदाहरण घोड्याचें आहे. एकानें आपला घोडा सदोष आहे हें जाणून लिलांवांत विकला आणि तो गप्प राहिला. ही फसवणूक नव्हे. पण पुढचीं दोन उदाहरणें वाचण्यासारखीं आहेत. घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेंच सांगण्याचें कर्तव्य उत्पन्न होतें. आणि घेणारानें ‘तुम्हीं नाहीं म्हटलें नाहीं तर घोडा निरोगी आहे असें मी धरून चालेन’ असें म्हटलें, व विकणारा तरीहि गप्प राहिला, तर तें मौन बोलण्याच्याच जागीं आहे. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याचीहि वृत्ति हीच: मालाच्या गुणाविषयीं सर्वसाधारण गर्भित हमी नाहीं, घेणारानें आपले डोळे उघडे ठेवावे, अपवाद आहेत ते मुख्यतः त्या मालाचा धंदाच करणाराविषयीं. मुंबईचे ते गृहस्थ कांहीं मोटारींचे व्यापारी नव्हते. आमचे स्नेही पुस्तक मिटून म्हणाले, “तुम्ही त्यांना ‘निरोगी आहे ना?’ एवढं एक वाक्य विचारायला हवं होतं.”

घोड्याची जागा मोटारीनें घेऊन शंभराहून अधिक वर्षें झालीं, पण कायद्याचा घोडा अजून लिलांवांत उभाच आहे.

आमच्या जुन्या शास्त्रकारांचा कल याहून निराळा दिसतो. मनूनें भेसळीचा, सदोष, वजनांत उणा, दूर ठेवलेला किंवा झांकलेला माल विकूं नये असें सांगितलें आहे, आणि खरेदी किंवा विक्री करून ज्यास पश्चात्ताप होईल त्याला दहा दिवसांच्या आंत व्यवहार फिरविण्याची मोकळीक दिली आहे. कौटिल्य, जो एरवीं कोणावर विश्वास टाकीत नाहीं, तो तर रोगी जनावर निरोगी म्हणून विकणारास बारा पण दंड सांगतो आणि चतुष्पादांच्या परतीस तीन पक्षांची मुदत देतो. दीड महिना! आमच्या मोटारीनें गुडघा टेकला तो पांचव्या आठवड्यांत. कौटिल्याच्या न्यायसभेंत आम्ही तरलों असतों.

या वादाची सर्वांत सुंदर मांडणी मात्र रोमन पंडित सिसरो याची. इ. स. पूर्व ४४ मध्यें आपल्या मुलासाठीं लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत त्यानें बाबिलोनचा डायोजिनीस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर या दोघांस समोरासमोर उभे केलें आहे. एक मनुष्य घर विकतो. शेजघरांत साप निघतात, लांकूड कुजलेलें आहे. धन्यावांचून हें कोणास ठाऊक नाहीं. त्यानें सांगावें काय? अँटिपेटर म्हणतो, वाट चुकणारास वाट न दाखविण्यासारखेंच हें पाप. डायोजिनीस म्हणतो, त्यानें तुम्हांस घेण्याची सक्ति केली काय? न सांगणें वेगळें आणि लपविणें वेगळें; आणि आपल्या मालाचे दोष दवंडी पिटून सांगणारा विक्रेता कोणीं पाहिला आहे? सिसरोचा कौल अँटिपेटरच्या बाजूस आहे. प्रत्येक मौन म्हणजे लपवालपव नव्हे हें तो मानतो. पण ज्यास कळणें अगत्याचें आहे त्यास, केवळ आपल्या लाभासाठीं, कळूं नये अशी इच्छा धरून गप्प राहणें ही लपवालपवच, असें त्याचें तात्पर्य.

हा वाद पुस्तकी वाटेल. परंतु तो मोटारीस जितका लागू पडतो तितका घरासहि नाहीं, आणि याचें कारण या मोटारींच्या खर्चाच्या एका विचित्र गुणांत आहे. मोटारीची किंमत दरवर्षीं उतरते. तिच्या सुट्या भागांची उतरत नाहीं. ऐंशी लाखांची मोटार अकरा लाखांस गेली म्हणून तिचा गिअरबॉक्स अकरा लाखांच्या मोटारीचा होत नाहीं. तो ऐंशी लाखांचाच राहतो आणि बिघडला कीं त्याच भावानें पैसे मागतो. वास्तविक या मोटारींची जुळणी कांहीं सातां समुद्रांपलीकडे होत नाहीं. मर्सिडीज चाकणला आणि ऑडी संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला जुळविल्या जातात. दोन्ही ठिकाणें नाशिकहून दोनशें किलोमीटरांच्या आसपास. डिझेल एंजिनांचीं इंजेक्टरें तर आमच्या सातपूरच्या बॉशच्या कारखान्यांत घडतात. पण भाग हवा झाला कीं तो मूळ घराण्याच्या शिक्क्याच्या खोक्यांत आणि त्या घराण्याच्या भावानेंच येतो. शिवाय कित्येक भाग नुसते बसवून भागत नाहीं, संगणक जोडून मोटारीच्या मेंदूशीं त्यांची ओळख करून द्यावी लागते, आणि ती सोय प्रत्येक गॅरेजांत नसते. म्हणून ज्यास आपण स्वस्त मोटार म्हणतों तिच्या पोटांत एक न भरलेलें बिल दडलेलें असतें. तें कोणाच्या हातांत असतां फुटेल, एवढाच प्रश्न. जुनी श्रीमंती मोटार विकणें म्हणजे पुष्कळदां तें बिल दुसऱ्याच्या खिशांत सरकवणें.

येथें एक भेद करावा असें आम्हांस वाटतें. तर्कशास्त्रांत जाति आणि व्यक्ति असे शब्द आहेत. त्या अर्थानें मोटारीचेहि जातीचे दोष वेगळे आणि व्यक्तीचे वेगळे. २००७ नंतरच्या कांहीं वर्षांत बनलेल्या बी.एम.डब्ल्यू.च्या चार सिलिंडरी डिझेल एंजिनांत टायमिंगची साखळी झिजते, आणि ती एंजिनाच्या मागल्या बाजूस, गिअरबॉक्सकडे, बसविलेली असल्यामुळें साखळीपेक्षां ती उघडण्याचीच मजुरी मोठी होते, हें जगजाहीर आहे. फोक्सवॅगनच्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सविषयीं इतका ओरडा झाला कीं २०१३ सालीं एकट्या चीनमधून ३,८४,००० हून अधिक मोटारी दुरुस्तीसाठीं परत बोलावाव्या लागल्या. हे जातीचे दोष. ते कोणीहि चार ठिकाणीं चौकशी करून जाणून घेऊं शकतो, आणि विक्रेत्यानें त्यांवर व्याख्यान द्यावें अशी अपेक्षा करणें अन्यायाचें होईल. परंतु याच मोटारीची साखळी थंडींत सकाळीं वाजूं लागली आहे, याच मोटारीच्या पिशवीस सोल्युशन चोपडलें आहे, हे व्यक्तीचे दोष. ते धन्याखेरीज कोणास कळत नाहींत.

जुन्या मोटारींचा धंदा करणारे आमचे दुसरे एक परिचित यावर हंसले. “ऐंशी लाखांची वस्तु अकरा लाखांत मिळते, यांतच सगळं आलं,” ते म्हणाले. “किंमतच ओरडून सांगते, सांभाळून घ्या!” या बोलण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पण किंमत जें ओरडून सांगते तें जातीविषयीं. अशा शंभर मोटारींत सरासरी किती बिघडतील हें तिला ठाऊक असतें. आपल्या पुढ्यांतली त्यांतली कोणती, हें तिला ठाऊक नसतें. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं नेमका जुन्या मोटारींच्या बाजारावर निबंध लिहून हेंच दाखविलें. (तीन नियतकालिकांनीं तो आधीं साभार परत केला होता, २००१ सालीं त्याबद्दल नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. संपादकांच्या हातून असे अपराध घडतात.) त्याचा युक्तिवाद असा कीं, चांगली मोटार कोणती आणि वाईट कोणती हें घेणारास कळत नसल्यामुळें तो दोहोंस एकच मधला भाव देतो, तो भाव चांगल्या मोटारीच्या धन्यास परवडत नाहीं, म्हणून तो बाजारांतून निघून जातो, आणि मागें वाईटच उरतात. याचा नैतिक अर्थ आम्हांस असा दिसतो कीं, गप्प बसणारा विक्रेता एकट्या गिऱ्हाइकाचेंच नुकसान करीत नाहीं. ज्यानें दर साठ हजार किलोमीटरांस गिअरबॉक्सचें तेल बदललें, प्रत्येक पावती जपून ठेवली, त्या अपरिचित शेजाऱ्याच्याहि मोटारीचा भाव तो उतरवितो. नाशकांत निगा राखलेल्या मोटारीस किंमत येत नाहीं अशी तक्रार आम्हीं पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे. तो कर कोण बसवतो, हें त्यांतले फार थोडे विचारतात.

ब्रेकसारख्या, जिवाशीं खेळ करणाऱ्या दोषाविषयीं आम्ही येथें बोलतच नाहीं. त्यावर वाद घालणाऱ्याशीं बोलण्यांत अर्थ नाहीं.

इतकें सगळें आम्हांस कळलें होतें. सिसरो वाचला होता, कलम सतरा पाठ झालें होतें, मुंबईच्या त्या गृहस्थाविषयींचा राग सहा वर्षें उबेंत ठेवला होता. आणि मग २०२४ च्या एप्रिलांत आमची मोटार विकण्याची पाळी आली.

तेव्हांपर्यंत तिच्यावर आमचे सव्वापांच लाख खर्च झाले होते. हवेच्या पिशव्या नव्या होत्या, काँप्रेसर नवा होता, पावत्यांची फाईल जाड झाली होती. पण त्या हिवाळ्यापासून कसाऱ्याचा घाट चढतांना एंजिन तापलें कीं दुसऱ्यांतून तिसऱ्यांत जातांना मोटार झटका देऊं लागली, आणि समोरच्या फळीवर एक पिवळा दिवा लागूं लागला. मिस्त्र्यानें संगणक जोडून पाहिलें. गिअरबॉक्सच्या आंतली नियंत्रण-पाटी आणि व्हॉल्व्ह बॉडी बदलावी लागेल, खर्च २,१०,००० रुपये, असा कागद त्यानें लिहून दिला. मग थोडें थांबून म्हणाला, “साहेब, विकायचीच असेल तर स्कॅनर लावून दिवा विझवून देतो. शे-दोनशे किलोमीटर तरी पेटायचा नाही.”

आम्हीं दिवा विझवूं दिला नाहीं. या आमच्या करणीचा आम्हांस फार अभिमान वाटला, आणि बहुधा त्या अभिमानानेंच पुढचा घोटाळा केला.

निफाडकडचे बागायतदार बाप-लेक मोटार पाहावयास आले. मुलगा पंचविशीचा, त्याचें मन गाडीच्या पुढच्या चिन्हावरच बसलें होतें आणि त्याच्या चेहऱ्यावर आम्हांस आमचाच २०१८ सालचा चेहरा दिसला. वडील, ज्यांस तो आबा म्हणे, सावकाश मोटारीभोंवतीं फिरले. त्यांनीं टायर पाहिले, दारें लावून पाहिलीं, आणि मग आमच्याकडे वळून म्हणाले, “साहेब, आम्ही घोटीच्या बाजारात बैल घेताना दात बघतो, भोवरे बघतो, पण एक गोष्ट मालकाला इचारतोच. खोड काय? मारका हाये का, जू टाकतो का, बसका हाये का. तशी हिची खोड काय?”

मुंबईस आम्हीं जो प्रश्न विचारला नव्हता तो येथें आम्हांस विचारला गेला. आम्हीं म्हटलें, “आबा, गरम झाली की गिअर बदलताना थोडा झटका देते. त्याचाच हा दिवा आहे.” हें खरें होतें. तोंच मुलगा म्हणाला, “ते काही नाही आबा, गिअरबॉक्सचं ऑईल बदललं की जातं. मोबाईलवर पाहिलंय मी. दहा-पंधरा हजारांचं काम. हो ना काका?”

आम्ही हंसलों. होय म्हटलें नाहीं, नाहीं म्हटलें नाहीं. मोटारीच्या काचेवरचा एक डाग रुमालानें पुसला. सव्वासहा लाखांस व्यवहार ठरला, आणि ते चहा घेऊन गेले.

रात्रीं जेवतांना पत्नीनें विचारलें, “तो दोन लाख दहा हजारांचा कागद त्यांना दाखवलात का?”

आम्हीं झटका सांगितल्याचें सांगितलें. दिवा न विझविल्याचेंहि सांगितलें.

“झटका नाही विचारला मी. कागद विचारला.”

कागद टेबलाच्या खणांत होता. त्या रात्रीं आम्हीं डायोजिनीसची वकिली जितक्या चातुर्यानें केली तितकी खुद्द डायोजिनीसनेंहि केली नसेल. दोष सांगितला होता; त्याच्या खर्चाची चौकशी करणें हें घेणाराचें काम. मुलगा तर स्वतःस जाणता म्हणवीत होता. त्याचें अज्ञान दूर करण्याचा मक्ता आम्हीं घेतला होता काय? शिवाय त्यास सत्य हवें नव्हतेंच. त्यास हवी होती मोटार. या शेवटच्या मुद्द्यावर आम्ही बराच वेळ रेंगाळलों, कारण तो खरा होता. अशा मोटारीचा गिऱ्हाईक अर्धें मौन आपल्या घरूनच घेऊन येतो. आम्हींहि मुंबईस तेंच नेलें होतें. ‘निरोगी आहे ना’ हें वाक्य आम्हांस सुचलें नाहीं असें नाहीं, तें विचारलें तर मोटार हातची जाईल अशी भीति वाटली होती. पण फसूं इच्छिणारास फसविणें क्षम्य असेल, तर मग त्या मुंबईच्या गृहस्थावर सहा वर्षें दांतओंठ खाण्याचा आम्हांस काय अधिकार? आणि विचारणारा मुलगा नव्हता, आबा होते. त्यांनीं खोड विचारली होती. बैलाची खोड सांगणें म्हणजे तो शिंग हालवतो असें सांगणें नव्हे. त्यानें गेल्या पोळ्यास एकाची बरगडी मोडली हें सांगणें होय. ज्या दोषाचें माप पैशानेंच होतें, त्याचा आंकडा झांकून नुसतें नांव सांगणें म्हणजे मिस्त्र्याच्या स्कॅनरवांचूनच दिवा विझविणें होतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं कागद खिशांत घालून आम्ही त्याच मोटारीनें निफाडकडे निघालों. द्राक्षांची तोड संपून खरड छांटणीचें काम चाललें होतें. आबा बांधावर आले. कागद इंग्रजींत होता, म्हणून आम्हीं तो मराठींत वाचून दाखविला आणि शेवटचा आंकडा दोनदां वाचला. मुलगा आमच्याकडे न पाहतां मोटारीकडे पाहत होता.

आबांनीं एवढेंच विचारलें, “मग काल का नाही बोललात?”

यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आणि आम्हीं बनविलेंहि नाहीं.

व्यवहार मोडला असता तर या लेखास कदाचित् अधिक शोभा आली असती. तो मोडला नाहीं. मुलानें हट्ट धरला, आबांनीं एक उसासा टाकला, आणि नव्यानें घासाघीस सुरू झाली. त्यांनीं दोन लाख दहा हजार पुरते उतरवा म्हटलें. आम्हीं एकवर आलों, मग सव्वावर, अखेर दीडावर. चार लाख पंचाहत्तर हजारांस मोटार गेली. पेठ रस्त्यावरील परिवहन कार्यालयांत २९ आणि ३० क्रमांकांच्या नमुन्यांवर सह्या झाल्या. त्यांत नांवें आहेत, पत्ते आहेत, कर्जाचा बोजा आहे किंवा नाहीं याची विचारणा आहे. यंत्राच्या प्रकृतीसाठीं एकहि रकाना नाहीं. आबांनीं अंदाजाचा कागद मागून घेतला आणि पावत्यांच्या फाईलींत सर्वांत वर लावला.

उरले साठ हजार. त्यांचा वाद आमच्या घरांत अजून मिटलेला नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, दोष आणि आंकडा दोन्ही कळल्यावर जो भाव ठरला तो दोन मोकळ्या माणसांचा भाव आहे. त्यांत आतां कांहीं लपलेलें नाहीं. शिवाय या मोटारीपायीं आमचें जें नुकसान झालें, ज्याच्या मुळाशीं दुसऱ्याचें मौन होतें, त्याचा थोडा तरी भाग कोठून तरी भरून यावयास नको काय? यावर पत्नी विचारते, “त्या मुंबईवाल्याचे पैसे तुम्ही निफाडकरांकडून का वसूल करता?”

आम्हीं या प्रश्नास उत्तर दिलें आहे. तें तिला पटलेलें नाहीं. आणि हा लेख लिहावयास बसलों तेव्हां तें आम्हांस जितकें पटत होतें तितकें आतां पटत नाहीं.